तिला सांग

शैलामॅडम आमच्या दिवाणखान्यात बसून म्हणाल्या, "एकच लक्षात ठेवा. ती पाहुणी नाही. घरची मुलगी समजा तिला."

"समजायचं काय त्यात? लेकच ती आमची," माझे सासरे आप्पासाहेब म्हणाले, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या मला ठसका लागला. कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी पैठणला, आमच्या माहेरच्या ओसरीवर लग्नाची बैठक बसली होती तेव्हा, ह्याच माणसाच्या तोंडून आणि ह्याच ठेक्यात. तेव्हा ती लेक म्हणजे मी होते. पुढं लग्न लागलं आणि मी सून झाले.

आता ह्या घराला आणखी एक लेक मिळणार होती, थेट एस्टोनियाहून. माझी नणंद सोनिया अकरावी संपवून वर्षभरासाठी त्या देशात शिकायला गेली होती, तिथल्या एका कुटुंबात राहायला. तिच्या बदल्यात तिकडची एक मुलगी वर्षभर आमच्याकडे राहणार आणि इथल्या कॉलेजात जाणार, अशी ती योजना. ती चालवणाऱ्या संस्थेचं इथलं काम शैलामॅडम बघतात. निवृत्त प्राध्यापिका, समर्थनगरात मोठा फ्लॅट, घरात त्या आणि त्यांचे यजमान अनंतराव असे दोघंच, दोन खोल्या रिकाम्या. पण त्यांच्याकडे कधी कुणी मुलगी उतरत नाही, कारण अनंतरावांचे गुडघे. परदेशी मुलीचा आणि अनंतरावांच्या गुडघ्यांचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. सुनेनं विचारायच्या गोष्टी वेगळ्या असतात.

मुलगी येणार म्हटल्यावर घर कामाला लागलं. वरच्या खोलीत नवा गीझर बसला. आमच्या खोलीचा गीझर माझ्या पहिल्या दिवाळीपासून बंद आहे आणि त्याचं "बघू" चालू आहे. माझ्या सासूबाई द्वारकाबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, शेजारपाजारी चौकशी करून काटे-चमचे, जॅम आणि कॉर्नफ्लेक्स घेऊन आल्या. ती काय खाते, किती वाजता उठते, तिला पंखा लागतो की एसी, ह्यावर घरात चर्चा झाल्या. मी ह्या घरात आले तेव्हा मला काय लागतं ह्यावर चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. एस्टोनिया नेमकं कुठं आहे हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. आप्पासाहेबांनी पाचोडच्या बाजारात "रशियाच्या अलीकडं" असं सांगून टाकलं. पाचोडला त्यांचं खता-बियाण्याचं दुकान आणि मोसंबीची बाग आहे, त्यामुळे तिथं त्यांच्या सांगण्यावर शंका घेणारं कुणी नाही.

मग एका रविवारी मुलगी आली. उंच, सतरा वर्षांची, नाकावर उन्हानं लाल चट्टा, आणि नाव लीना. आत्याबाईंचा चेहराच उतरला. आमच्या बीड बायपासच्या कॉलनीत आधीच दोन लीना आहेत. विमानं बदलून एवढ्या लांबून येणाऱ्या पोरीनं तिसरी लीना व्हावं, हे त्यांना काही पटलं नाही.

प्रश्न होता बोलायचं कुणी. आप्पासाहेबांचं इंग्रजी खताच्या पोत्यावरच्या अक्षरांपुरतं, आणि आत्याबाईंना तेवढंही येत नाही. माझे यजमान विश्वजीत इंजिनिअर आहेत, समोरच्याचं इंग्रजी त्यांना समजतं, पण बोलायची वेळ आली की ते घाम पुसतात. शिवाय जाणत्या पोरीशी घरातल्या पुरुषानं सारखं बोलत बसणं बरं दिसत नाही. उरले मी. बी.फार्म., पहिल्या वर्गात पास. तीन वर्षांत माझ्या शिक्षणाचा घराला हा पहिलाच उपयोग होता.

पण ह्यात एक अडचण होती, आणि ती बाहेरच्या माणसाला चटकन समजायची नाही. मी माझ्या सासऱ्यांशी बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही, आमच्या घरात पद्धतच तशी आहे. सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा, ड्रेस असेल तर ओढणी घ्यायची, आणि सासऱ्याला जे सांगायचं ते सासूच्या तोंडून सांगायचं. आप्पासाहेब म्हणणार, "सूनबाईला विचार, माझा चष्मा कुठंय." आत्याबाई माझ्याकडे वळून म्हणणार, "चष्मा कुठंय म्हणतेत." मी म्हणणार, "टीव्हीपाशी." मग आत्याबाई तिकडे वळून, "टीव्हीपाशी म्हणती." तिघंही एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर. आणि मामा, मी त्यांना मामाच म्हणते, परक्या घरच्या बायकामाणसांशी बोलताना समोर बघत नाहीत. भिंतीवर बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर आहे, त्याच्याशी बोलतात. ह्याला ते मर्यादा म्हणतात, आणि त्यांच्या मनात त्यात मान देण्यापलीकडे काही नसतं हे मलाही माहीत आहे. फक्त ह्या वाटेनं चष्म्याचा निरोप तेवढा पोचतो. दुसरं काही पोचत नाही.

दुसरं काही म्हणजे माझी नोकरी. वाळूजच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मला घेतलं होतं. तयार गोळ्या बाजारात जायच्या आधी तपासायच्या, हे काम. मुलाखत मी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता फोनवर दिली होती. लीना आल्यावर आठवड्यानं जो सोमवार येत होता त्या दिवशी रुजू व्हायचं होतं, आणि आला नाहीत तर दुसऱ्या मुलीला घेऊ, हे त्यांनी गोड आवाजात स्पष्ट सांगितलं होतं. मी विश्वजीतना सांगितलं. ते म्हणाले, "आप्पांशी बोलतो." बोलले नाहीत. मग मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी चष्म्याच्या वाटेनं निरोप पाठवला, "सूनबाई नोकरीचं म्हणती," आणि त्याच वाटेनं उत्तर आलं, "बघू. आधी ती पोरगी तर येऊ दे. तिच्याशी कोण बोलणार?" म्हणजे लेक घरात यायची म्हणून सुनेनं घरात थांबायचं.

पहिल्या संध्याकाळी मामांनी लीनाला समोर बसवून स्वागताचं बोलायला घेतलं. "तिला सांग," ते कॅलेंडरला म्हणाले, "हे घर तिचंच हाय. लाजायचं नाय, मागून घ्यायचं."

मी सवयीनं आत्याबाईंकडे बघितलं. आत्याबाईंनी सवयीनं माझ्याकडे बघितलं. निरोप दोघींच्या मध्येच अडकला.

"हिच्याकडं काय बघती?" मामा वैतागले. "हिला काय इंग्रजी येतंय व्हय? पुढं ये अन् सांग तिला."

तीन वर्षांत मामा माझ्याशी थेट बोलले ते हे पहिलं बोलणं. मी ओढणी सावरली, दोन पावलं पुढं आले आणि लीनाला सांगितलं की हे घर तुझंच आहे. सांगताना जाणवलं, हे वाक्य मला कुणी ह्या भाषेत नाही आणि त्या भाषेतही नाही, असं समोर बसवून कधी म्हटलं नव्हतं.

पहिले दोन-तीन दिवस मी इमानानं काम केलं, म्हणजे दोन्हीकडची टोकं बोथट करून पुढं सरकवली. लीना अर्ध्या चड्डीवर गच्चीत ऊन खात बसली की आत्याबाई म्हणायच्या, "तिला म्हणावं, सगळी कॉलनी बघतीय." मी सांगायचे, "आई म्हणतात ऊन कडक आहे, काळी पडशील." लीना आनंदानं म्हणायची, "त्याच्यासाठीच तर बसलेय!" मग मी आत्याबाईंना सांगायचे, "उद्यापासून अंगभर घालते म्हणाली," आणि गुपचूप माझा एक कुर्ता लीनाला नेऊन द्यायचे, आईंनी प्रेमानं दिलाय म्हणून. ती तो घालून खाली आली आणि आत्याबाईंच्या गळ्यात पडली. आत्याबाईंना कळेना की ओरडा खाल्लेली पोरगी मिठी का मारते. पण मिठी त्यांना आवडली असावी, कारण दुसऱ्या दिवशी कॉर्नफ्लेक्स मागं पडले आणि लीनासाठी तूप घालून शिरा झाला.

एका बाबतीत मात्र तिनं कुणाचं ऐकलं नाही. जेवण झालं की उठून आपलं ताट आपण घासायचं. पहिल्या दिवशी आत्याबाईंनी ते हिसकावूनच घेतलं. "अगं, शैलामॅडमला कळलं तर काय म्हणतील? परक्या पोरीकडून भांडी घासून घेतेत म्हणतील!" माझ्या हातातलं ताट कुणी कधी हिसकावलं नव्हतं, त्यामुळे ही ओढाताण मी मन लावून बघितली. दोन दिवस झगडून आत्याबाई थकल्या. लीना आपली जेवली की उठायची, न बोलता आत जायची, आणि नळाचा आवाज यायचा.

मग एकदा रात्रीच्या जेवणाला तिनं माझ्याकडे बोट करून सगळ्यांना विचारलं, "तनुजा का जेवत नाही? तिला बरं नाही का?"

हे मी जसंच्या तसं मामांना सांगितलं.

"तिला सांग, ती मागून जेवती."

"का?"

"तिला सांग..." मामांनी कॅलेंडरवर उत्तर शोधलं. तिथं कापसाच्या बोंडाचं चित्र होतं. "पद्धत हाय म्हणावं."

"मग मीही तनुजाबरोबर मागून जेवेन," लीना म्हणाली. "शैलामॅडमनी सांगितलंय, घरातल्या मुलीसारखं राहा. ह्या घरात मुलगी तर तनुजाच दिसतेय."

मी तेही सांगितलं, शब्दाला शब्द. पाहुण्या पोरीला गार भाकरी आणि उरलेला रस्सा वाढायचा म्हणजे पाचोडपर्यंत बोभाटा. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "तनुजा, बस गं तू बी. एवढं काय त्यात." तीन वर्षं जे एवढं होतं, ते एका वाक्यात एवढंसं झालं. मी बसले. त्या दिवशी माझ्या वाटीत वांग्याची अख्खी फोड आली, नुसता रस्सा नाही. वांग्याची भाजी मी रोजच करते, पण ती इतकी चांगली होते हे मला माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात एकदा मी कपडे काढायला गच्चीत गेले, तर लीना पाण्याच्या टाकीला टेकून रडत बसली होती. विचारलं तर म्हणाली, कुठलं बटण कुठल्या दिव्याचं हे तिला अजून कळत नाही, आणि प्रत्येक वेळी विचारायची तिला लाज वाटते. मी तिच्या शेजारी बसले. मलाही इथं आल्यावर ह्याच बटणांनी रडवलं होतं. अंधारात स्वयंपाकघरातला दिवा म्हणून मी देवघरातला लावायचे आणि सगळ्यांना जाग यायची. दुसऱ्याचं घर म्हणजे दुसऱ्याची बटणं, आणि ती कुणी शिकवत नाही.

"तूही दुसऱ्या गावाहून आलीस?" लीनानं विचारलं.

"पैठणहून. एका तासावर आहे."

"मग तुझा प्रोग्रॅम किती महिन्यांचा आहे?"

मी इतकी हसले की हातातले कपडे खाली पडले. मग हसू ओसरलं आणि मला फार वाईट वाटलं. लीनाला आठवड्यानं शैलामॅडम भेटायला येणार होत्या, तू सुखात आहेस ना, तुझं मनासारखं चाललंय ना, हे विचारायला. माझ्यासाठी अशी कुणी मॅडम आली नव्हती.

त्यानंतर मी बिघडले, असं म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी कपाटातली पैठणी काढून लीनाला दाखवली. लीनानं पदरावर बोट ठेवून विचारलं, "हा पक्षी कोणता?"

"काय म्हणती?" मामांनी विचारलं.

"ती म्हणते," मी म्हणाले, "पैठणी विणतात ते बघायचंय. पैठणला जाऊन."

विश्वजीतनी फोनमधून मान वर काढली. त्यांना 'पक्षी' कळला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, थोडा वेळ बघितलं, आणि मान परत फोनमध्ये घातली.

"तिला सांग, उद्याच जा," मामा खुशीत म्हणाले. "आपली गाडी घेऊन जा. सूनबाई जाईल संगं, बोलायला लागतंयच कुणीतरी."

अख्खा उन्हाळा मी माहेरी जाऊन येते म्हणत होते आणि अख्खा उन्हाळा चष्म्याच्या वाटेनं "बघू" परत येत होतं. एका मोरानं ते काम केलं. पैठणला लीनानं हातमागापुढं बसून खरोखरच डोळे विस्फारले, आणि मी आईच्या पुढ्यात बसून दोन वाट्या शेवयांची खीर खाल्ली. आई सारखी विचारत होती, "कसं काय सोडलं गं तुला?" मी म्हणाले, "मला कुठं सोडलंय? लीनाला सोडलंय."

शनिवारी सोनियाचा व्हिडिओ कॉल आला. ती रडवेली होती. "मम्मी, इथं मला रोज भांडी मशीनमध्ये लावावी लागतात. अन् शनिवारी बाथरूम धुवायची पाळी माझी. सगळ्यांची असती म्हणे."

आत्याबाईंच्या डोळ्यांना पदर लागला. मामा तर उभेच राहिले. "पोरगी शिकायला धाडलीय का धुणंभांडं करायला? परक्याच्या घरी गेली म्हणून काय तिला राबवून घ्यायचं? तिथं तिच्या मनासारखं झालं पाहिजे. परक्या घरी गेली म्हणून पोरीचं मन मारायचं नसतं!"

मी तेव्हा आत कढई घासत होते. हे ऐकून माझा हात थांबला नाही, उलट कढई कधी नव्हे इतकी लख्ख निघाली. मन मारायचं नसतं, हे वाक्य मात्र मी नीट जपून ठेवलं. कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी पडलं.

रविवार होता. संध्याकाळी शैलामॅडम यायच्या होत्या, म्हणून घर झाडून पुसून ठेवलेलं. सोमवार उद्यावर आला होता आणि विश्वजीत अजून आप्पांशी बोलणारच होते. नाश्त्याला मी सुशीला केली होती, भिजवलेल्या मुरमुऱ्यांची, वर शेंगदाणे आणि डाळ्याचं कूट. आत्याबाई आत चहाचं बघत होत्या. टेबलाशी मामा, विश्वजीत आणि लीना. मी वाढायला उभी.

"मला आईसाठी काहीतरी घ्यायचंय," लीना मला म्हणाली. "इथला बाजार कुठे आहे?"

"काय म्हणती?" मामा कॅलेंडरला म्हणाले.

आज नाही तर मग नाहीच, हे मला कळत होतं.

"ती विचारते," मी म्हणाले, "तनुजानं औषधांचं एवढं शिक्षण घेतलंय, तर ती नोकरी का करत नाही?"

विश्वजीतचा चमचा तोंडाशी थांबला. मामांनी घसा साफ करून परदेशी माणसाला शोभेल असं उत्तर दिलं. "तिला सांग, आमच्यात सुनेला कष्ट पडू देत नायत. घरात लई सुख हाय. शेत हाय, दुकान हाय, देवाच्या दयेनं कशाची कमी नाय. मग कशाला उगं दुसऱ्याच्या हाताखाली उभं राहायचं?"

मी पहाटेपासून उभीच होते. लीनाला म्हणाले, "शहागंजला जा म्हणतात."

"एवढंच? ते तर बरंच बोलले."

"शहागंज मोठा आहे."

लीना मान डोलावून सुशीला खाऊ लागली. विश्वजीतना खोकला आला. ते पाणी प्यायले आणि काही बोलले नाहीत. लग्न झाल्यापासून त्यांनी माझी बाजू घेतली ती ही पहिलीच वेळ, आणि तीही गप्प बसून.

"ती म्हणते," मी पुढं सुरू केलं, "मग सोनियाला का धाडलं एवढ्या लांब? तिलाही इथं सुखच होतं."

"ती आमची लेक हाय. लेकीला शिकवायला नको?"

"ती म्हणते, ह्या घरात लेक आणि सून वेगळी नाही, असं तिला वाटलं होतं."

"नायच वेगळी!" मामांनी टेबलावर हात आपटला. "तिला सांग, तनुजा बी आमची लेकच हाय."

लीनाचं खाणं झालं होतं. आपल्याविषयी काही चाललेलं नाही हे तिला दिसत होतंच. तिनं ताटली उचलली आणि नेहमीसारखी न बोलता आत गेली. नळाचा आवाज आला. मामा कॅलेंडरकडे बघत होते. मी लीनाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, विश्वजीतनीही बघितलं, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

आता थांबायला हवं होतं. पण मला राग आला होता, आणि राग आला की मला वेळेवर थांबता येत नाही.

"ती म्हणते, परक्या घरी गेली म्हणून पोरीचं मन मारायचं नसतं, असं तुम्हीच काल म्हणालात. मग तनुजा उद्यापासून कामावर गेली तर हरकत काय?"

"हरकत कुणाची नाय," मामांचा आवाज खाली आला. "पण तिला सांग, माणसाला चार लोकांत राहायचं असतंय. लोक काय म्हणतील?"

"ती म्हणते, चार लोकांतच तुम्ही शब्द दिला होता. पैठणला, बैठकीत. पोरगी शिकलेली हाय, तिला आम्ही घरात बसवून ठेवणार नाय, म्हणून. तनुजाच्या काकांनी दोनदा विचारलं होतं आणि तुम्ही दोन्ही वेळा व्हय म्हणालात."

कॅलेंडरचा कोपरा पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होता. मामांनी हळूच विचारलं, "हे तिला कुणी सांगितलं?"

तेवढ्यात आत्याबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. "अहो, लीना तर आत ताटली घासतीय," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलताय कुणाशी?"

मामांनी कॅलेंडरवरून नजर काढली. रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. विश्वजीतकडे बघितलं, ते मुरमुरे मोजल्यासारखे ताटलीत बघत होते. आणि मग मामांनी माझ्याकडे बघितलं, सरळ, तोंडाकडे. त्यांचे डोळे घारे आहेत, अगदी सोनियासारखे. तीन वर्षं ह्या माणसाला मी दोन वेळा वाढत होते आणि हे मला माहीत नव्हतं.

"मग हे म्हणतंय कोण?"

स्वयंपाकघराचं दार दोन पावलांवर होतं, आणि लीनानं बिचारीनं काहीही कबूल केलं असतं. ओढणी डोक्यावरून खांद्यावर घसरली होती, तिला हात लावायचंही मला सुचलं नाही.

"मी, मामा," मी म्हणाले. "मघापासून मीच म्हणतेय. मला नोकरी करायचीय. उद्या रुजू व्हायचंय."

आत नळ बंद झाला. आत्याबाई ट्रे धरून तशाच उभ्या राहिल्या, चहावर साय धरायला लागली. मामा पुन्हा कॅलेंडरकडे वळले. आता "बघू" येणार, मला वाटलं. आता "बघू" आलं तर मी रडणार, आणि एकदा रडले की सगळं संपलं, हेही मला माहीत होतं.

"सूनबाईला विचार," मामा आत्याबाईंना म्हणाले, "कंपनीची गाडी किती वाजता येती."

आत्याबाईंना काही उमजलं नव्हतं, पण वाट ओळखीची होती. त्या माझ्याकडे वळल्या. "गाडी किती वाजता येती म्हणतेत."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. "साडेसातला, मामा. कॉलनीच्या तोंडाशी."

आत्याबाई तिकडे वळल्या. "साडेसातला म्हणती. कॉलनीच्या..."

"ऐकलं मी," मामा म्हणाले.